एकशे चाळीस

बाबांच्या गॅरेजात एकच पिंप होतं, एकशे चाळीसचं.
टिपर असो, टेम्पो असो, वरातीची जीप असो,
हौसिंगमध्ये तेच.
काकवीसारखं घट्ट, गंधकाच्या वासाचं.
"नागपूर हाय हे," बाबा म्हणायचे,
"मे महिन्यात डांबर चपलेले चिकटते इथं.
पातळ तेल टिकन काय, बाप्पा?"

खोटं नव्हतं ते.
उमरेडहून कोळसा लादून आलेले टिपर
सत्तेचाळीस अंशांत वाडीच्या नाक्यावर थांबायचे
तेव्हा हौसिंगवर पाण्याचा थेंब चर्र व्हायचा.
आत क्राउनचा दात पिनियनच्या दातावर
नुसता टेकत नाही, घासत, घसरत जातो.
मधे असतं ते फक्त तेल,
केसाहून बारीक.
ते फाटलं की लोखंडाला लोखंड लागतं.

पण आता डिसेंबर होता.
मोरेश्वर धकातेची पिकअप,
रात्री तीनला काटोलहून कळमन्याला निघणारी,
जाताना संत्री, येताना रिकामी.
"पहिले दहा किलोमीटर रडते, ताई. मग गप्प होते."
रडते, म्हणाला.
मी वहीत तसंच लिहिलं.

बूच काढलं तर तेल येईना.
दोरीसारखं लोंबत राहिलं,
तुटायचं नाव नाही.
बुचाच्या चुंबकावर चंदेरी लव, चिमूटभर.
ती कुणाची, ते बोटाला कळलं:
पिनियनच्या पुढच्या बेअरिंगची.
गारठ्यात घट्ट तेल चाकासोबत वर उडत नाही,
तळाशी बसून राहतं,
आणि वरचं बेअरिंग
दहा किलोमीटर कोरडं फिरतं.

गाडीच्या पुस्तकात ऐंशी-नव्वद लिहिलं होतं.
डब्ल्यूच्या अलीकडचा आकडा थंडीचा,
पलीकडचा उन्हाचा.
बाबांना पुस्तक वाचून दाखवण्यात अर्थ नव्हता.
मोतीबिंदूच्या आधीही नसता.

म्हणून रात्री दोन झाकणं भरली,
एकात नव्वद, एकात एकशे चाळीस,
आणि कठड्यावर ठेवली, उघड्यावर.
सकाळी बाजेवर, मफलरात गुंडाळलेल्या बाबांपुढे
दोन्ही तिरपी केली.
नव्वद निघालं.
एकशे चाळीस विचार करत बसलं.
बाबांनी दोन्ही अंगठ्यात-तर्जनीत चोळून पाहिली,
डोळे मिटून, पुन्हा एकदा.

"आन् मे मध्ये?"
"मे मध्येही हेच. संत्री आहेत, बाबा. कोळसा नाही."
"अन् उमरेडवाल्याले काय टाकशीन?"
"एकशे चाळीस."
बोटं पायजम्याला पुसली त्यांनी.
चहा मागितला.

आठ दिवसांनी मोरेश्वर आला, पिशवीभर संत्री घेऊन.
रडणं थांबलं होतं.
पण साठच्या पुढे एक बारीक शीळ उरली होती,
ती काही गेली नाही.
आधीच झिजलेलं
तेलानं भरून येत नाही.
मी त्याला तसं स्पष्ट सांगितलं,
बेअरिंगचा भावही सांगितला.
तो म्हणाला, बहार संपू दे.

बाबा तोवर संत्रं सोलत होते.
एक फोड फुटली,
रस अंगठ्यावरून मनगटाकडे निघाला.
सवयीनं त्यांनी दोन बोटं एकमेकांवर चोळली,
थोडा वेळ काही बोलले नाहीत.
"नव्वदहून पातळ," म्हणाले,
आणि फोड तोंडात टाकली.