ग्लोला खोकता येत नाही

हेलेद, आधी सांगून टाकतो: चूक माझी.
तू दाखवून गेली होतीस तो चिनी मातीचा हीटर,
बिनउजेडाचा.
उजेडच नाही, म्हणून कधी गेला ते कळलं नाही.
वरचा दिवा जळत होता, तेवढ्यावर मी निर्धास्त.
चार रात्री असतील. कदाचित पाच.
आणि हे घर तुला ठाऊक आहे,
डोंगराला पाठ लावून बसलेलं, भिंतींना बारमाही घाम.

सोमवारी तो मान वर ताणून बसला होता,
तोंड उघडं, हनुवटीखालची दाढी काळी कुळकुळीत,
श्वासागणिक बारीक टक् टक्,
सादळलेल्या पेटीवर काडी ओढावी तशी.
नाकपुडीशी एक बुडबुडा
फुगला, फुटला,
पुन्हा फुगला.

कार्डिफच्या बसमध्ये त्याला कोटाच्या आत घेतलं,
पोटाशी गरम पाण्याची पिशवी, तिच्यावर तो.
शेजारच्या बाईने विचारलं, बाळ आहे का?
म्हटलं, हो, जरा खवल्याखवल्यांचं.
पुढच्याच थांब्यावर ती उतरली,
तिला तिथेच उतरायचं होतं की काय, कोण जाणे.

डॉक्टरीण तुझ्याच वयाची.
एक्स-रे पडद्यावर लावून म्हणाली,
हा पांढरा भाग दिसतो ना, तिथे हवा पोचत नाही.
मला हसू आलं. असाच फोटो माझाही आहे
हेल्थ सेंटरच्या फायलीत,
एकोणीस वर्षं जमिनीखाली घालवल्याची पावती.
मग ती म्हणाली, याला खोकता येत नाही.
आपल्याला छाती आणि पोटामध्ये एक पडदा असतो,
यांना तो नाही.
आत साचलेलं बाहेर ढकलायला यांच्याकडे काही नाही.

हे मला माहीत नव्हतं.
उभा जन्म मी खोकल्याला शिव्या घातल्या.
त्याच्यापायी तुझ्या आजीने अंथरूण वेगळं केलं,
त्याच्यापायी चॅपलमध्ये मी दाराजवळच्या बाकावर,
म्हणजे उबळ आली की बाहेर.
आणि हा पिवळट जीव,
तू ज्याला कोळशाचं नाव दिलंस,
गप्प बसून आपल्याच छातीत बुडत होता.

तर आता असं चाललंय.
दर तिसऱ्या दिवशी सुई, पुढच्या पायात,
एकदा डाव्या, एकदा उजव्या.
माझा हात थरथरतो, म्हणून मी धरतो
आणि मेरेरिद टोचते, पलीकडच्या घरातली.
संपाच्या वर्षी दीडशे माणसांचं सूप ढवळणारी बाई,
पण सुई टोचताना
त्याचीच माफी मागते, वेल्शमध्ये.
छातीखाली टॉवेलची गुंडाळी, डोकं उताराच्या वर.
भोपळ्याचा लगदा ओठाच्या कडेला, थेंब थेंब.
कधी जीभ काढतो. कधी माझ्या बाहीवर सगळं.

मीटरमध्ये मंगळवारी वीस पौंड घातले.
माझ्या खोलीतला हीटर बंद आहे, रागावू नकोस,
त्याच्या काचेशी खुर्ची ओढली की दोघांचं भागतं.
रात्री मला उबळ येते
तेव्हा तो एक डोळा उघडतो, माझ्याकडे बघतो, मिटतो.
मेरेरिद म्हणते, तू दोघांच्या वाटचं खोकतोस.
तिचं काय, ती काहीही म्हणते.

काल पाचवी सुई झाली.
आज टक् टक् कमी वाटली,
किंवा माझे कान गेले असतील.
समोर रातकिडा सोडला.
खाल्ला नाही.
पण मान वळवून बघितलं त्याने, तो कुठे चालला ते.

परीक्षा सोडून येऊ नकोस.

आत्ता साडेतीन वाजलेत.
उठून काचेत हात घातला, पालथा,
त्या काळ्या हीटरखाली.
चटका बसला.
दिवा काय सांगतो, ते मी हल्ली ऐकत नाही.