घंटेला मनाई

न्यू हॅम्पशायर वसाहत, १७३६चा हिवाळा

पुरुष गेला तर नऊ ठोके, बाई गेली तर सहा,
लेकरू गेलं तर तीन.
मग जरा थांबून, जितकी वर्षं तितके.
वडिलांनी हे शिकवलं तेव्हा
दोर माझ्या मुठीत मावत नव्हता.

वर्षं मोजताना मी कधी चुकलो नाही.
म्हाताऱ्या टार्बॉक्सचे ब्याऐंशी
वादळात उभं राहून दिले,
एक गाळला नाही, एक वाढवला नाही.

यंदा आकडे लहान होते.
तीन, आणि पाच.
तीन, आणि दोन.
घशात पांढरी साय धरायची,
दुधावर धरते तशी,
आणि तिसऱ्या रात्री श्वास दाराबाहेरच अडायचा.
व्हिटमच्या घरी सोमवारी सहा वाडगे मांडले होते,
शनिवारी दोन.
पाद्रीबाबा म्हणाले, आपलीच पापं.
सुतार पिकहॅम काही म्हणाला नाही.
त्याच्या फळ्या संपल्या होत्या,
तो कोठाराचं दार उतरवत होता.

मग गावसभा भरली,
सात जण, एकमेकांपासून लांब लांब बसलेले.
ठराव झाला: घंटा वाजवू नये.
आजारी माणसं अंथरुणात ठोके मोजतात
आणि आपली पाळी ठरवून टाकतात.
मलाही सही करायला लावली. मी फुली मारली.

तेव्हापासून गाव डोळ्यांनी मोजू लागलं.
कुणाच्या धुराड्याला धूर नाही,
कुणाची गाय न दोहलेली हंबरतेय,
कुणाच्या उंबऱ्यापासून टेकडीवर
घसरगाडीची नवी रेघ गेलीय.
मी चुलीत ओली लाकडं घालायचो,
धूर लांबून दिसावा म्हणून.
जेरुशा गेली त्या दिवशीही घातली.

संध्याकाळी दोरापाशी जाऊन उभा राहिलो.
थंडीनं काठीसारखा ताठ झाला होता.
ठराव तो ठराव.
परत आलो.

एसा टेबलाखाली बसला होता,
पुढ्यात कथलाची थाळी, हातात चमचा.
त्याचा घसा सुटला होता,
आवाज अजून आला नव्हता.
त्यानं तीन वाजवले.
थांबला. मी थांबतो तितकाच.
मग चार.

चमचा वर धरून माझ्याकडे बघत राहिला.

तिला पाचवं लागायला अकरा दिवस होते.

मी म्हणालो, वाजव.