शब्दांचे वाटे

तामाक्लो सर म्हणाले, अडीचशे शब्द.
कमी भरले तर गुण जातात,
जास्त झाले तर तपासणाऱ्याला जांभई येते.
उजव्या कोपऱ्यात पत्ता, खाली तारीख,
मग डावीकडे, ज्याला लिहायचं त्याचा हुद्दा.
स्वतःचं नाव घालायचं नाही.
आपण सगळ्यांनी आमा बोआटेंग व्हायचं.

फळ्यावर विषय:
गावातली एक अडचण जिल्ह्याच्या साहेबांना कळवा.
सेलॉर्मने शाळेचं गळकं छप्पर घेतलं,
एडेमने डास.
मी सरोवर घेतलं.

आमच्या व्होल्टात झाडं उभी आहेत.
धरणाचं पाणी चढलं
तेव्हा ती कुणी तोडली नाहीत.
आजोबा पोरगे होते तेव्हाची बुडालेली,
शेंडे पाण्याखाली वीतभर,
कुजतही नाहीत मेली.
अंधार पडला की नावेला
तळाकडून कळतं.

एवढं इंग्रजीत मांडायला मला दोन रात्री लागल्या.
पत्र लिहिण्यास कारण की,
इथपर्यंत सरांचं,
पुढचं माझं.

आई धुरावरचे मासे उलटत होती.
किती झाले? म्हणाली.
माहीत नाही.
मग आण इकडे.

तिला वाचता येत नाही, पण मोजण्यात
पूर्ण बाजारात तिचा हात धरणारं कुणी नाही.
शब्द म्हणजे काय गं?
म्हटलं, दोन मोकळ्या जागांच्या मध्ये
जे असतं ते.
बरं, म्हणाली, आणि काजळलेल्या बोटाने
दहा दहाचे वाटे लावत गेली,
प्रत्येक वाट्याला समासात एक ठिपका.
सव्वीस वाटे, वर चार.

चौदा जास्त. काढ.
मी गिऱ्हाइकाला वर एखादा घालते,
तुझे सर घेतील का?

सर घेत नाहीत.
'अत्यंत' दोन ठिकाणी होतं, ते गेलं.
'नम्रपणे' गेलं.
'सूर्यास्ताच्या सोनेरी प्रकाशात' हे तीन शब्द
सरांनी सगळ्यांना पाठ करायला दिले होते,
तेही गेले. आठ राहिले.
मग एक आख्खं वाक्य सापडलं, बरोब्बर आठ शब्दांचं:
माझा भाऊ सेनानू याला चांगलं पोहता येत होतं.
इंग्रजीत आठ. त्यावर मी रेघ ओढायला घेतली.

आईने माझं मनगट धरलं.
वाचता येत नाही तिला,
पण ती सहा अक्षरं तिने पाहिली होती,
नावेच्या कडेवर, निळ्या रंगात,
त्यानेच काढलेली, शेवटचं जरा वाकडं.
हे राहू दे.
वर हे लांबलचक काय आहे?
साहेबांचा हुद्दा.
किती भरतो?
आठ.
काढ.

गुण जातील आई.
जाऊ देत. आणि हे खाली कुणाचं नाव?
आमाचं. परीक्षेतल्या पोरीचं.
तिचं कोण गेलं?

मी ते खोडून माझं लिहिलं. यायरा.
खाली ता. क. लिहिणार होते,
पण सरकारी पत्राला ता. क. नसतो
असं सर म्हणाले होते, आणि अडीचशे भरले होते.

सकाळी वहीतून पान गेलेलं.
आईने ते प्लॅस्टिकमध्ये घालून
दहा माशांच्या वाट्याबरोबर
फेरीवरच्या कारकुनाच्या हाती दिलं होतं.
अगं, तो सराव होता, मी ओरडले.
सराव म्हणजे?
मला एव्हे भाषेत सांगता येईना.
तारीख खरी आहे ना, म्हणाली,
सरोवर खरं आहे ना.

परीक्षेत पत्र आलंच, पण घरगुती:
परदेशातल्या मैत्रिणीला तुमच्या छंदाविषयी लिहा.
मी आमा झाले.
मला पोहायला फार आवडतं, लिहिलं,
संध्याकाळी, सूर्यास्ताच्या सोनेरी प्रकाशात.
बोटाने दहा दहाचे वाटे लावले.
पंचवीस भरले, एकही सुटा उरला नाही.

फेरी मंगळवारी आणि शुक्रवारी येते.
आई टोपली घेऊन जाते,
कारकुनाला काही विचारत नाही.
त्याच्या वाट्यात मात्र
एक मासा वर घालते.