एका बाळामागे एक

दरवाजा सत्तर सेंटिमीटर,
जुळ्यांची गाडी शहात्तर.
मॉरवेननं टेप आणून मोजलंय, दोनदा.
वाचनालयातला गोष्टींचा तास
सहा सेंटिमीटरनं हुकतो दर सोमवारी.
गाडी बाहेर ठेवा, म्हणतात, एकेकाला आत न्या.
आधी कोणाला?
आणि मागे राहील त्याच्यापाशी कोण,
सीगल?

स्ट्रूअन तीन आठवडे तेलाच्या फलाटावर,
तीन आठवडे घरी.
तो घरी असतो तेव्हा नेमके सगळे वर्ग बंद,
असं तिला वाटतं. खरं नसेलही.

फ्रिजवर यादी आहे, तीन रंगांच्या पेनांनी.
मालिश: रांगायच्या आत करायचं असतं म्हणे.
तेव्हा ही दोघं काचेच्या पेट्यांत होती,
आणि आत फक्त तिचा हात जायचा, मनगटापर्यंत.
ती ओळ खोडलेली.
संगीत: फी माणशी.
तेरा महिन्यांचं बाळ हेही माणूसच,
हे फी घेताना त्यांना बरोबर पटतं.
धाकट्या भावंडाला सवलत आहे.
आयोना अकरा मिनिटांनी धाकटी.
ते चालत नाही.
मऊ गाद्यांची जिम: तिला दारं दोन.
टॅव्हिश या दाराकडे, आयोना त्या दाराकडे,
मॉरवेन मधोमध,
पतंग दोन आणि चक्री एक.
पोहणं, शुक्रवारी दहाला:
एका बाळामागे एक मोठं माणूस.
नियम आहे, आणि खरं तर बरोबरच आहे.
त्यापुढे तिनं काहीच लिहिलेलं नाही,
पेन नुसतं टेकवून ठेवल्याचा निळा ठिपका.

पीटरहेडला समुद्रावरून जे धुकं गावात शिरतं
त्याला हार म्हणतात.
गळ्यात घालतात तो नव्हे,
पत्करतात ती नव्हे,
नुसता ओला, राखाडी, मे महिन्यातसुद्धा.
अशा एका सकाळी, कुठे जायचं ठरलेलं नसताना,
चर्चच्या हॉलचा दरवाजा दोन्ही फळ्यांनी उघडा दिसला.
आत चहा, मोडकी खेळण्यातली आगगाडी,
आणि इझोबेल बकन, वय चौऱ्याहत्तर,
चाळीस वर्षं मासे कापलेले हात पुढे करून:
"दे एक इकडे."
कोणतं?
"जड असेल ते."

तिनं यादीबद्दल विचारलं. मॉरवेननं तोंडपाठ सांगितली.
शुक्रवारपाशी इझोबेल थांबली.
"मी येते की."
तुम्हाला पोहता येतं?
"छे. आमच्या घरात कोणी शिकायचंच नाही.
बोट बुडाली तर पोहणाऱ्याला
मरायला जास्त वेळ लागतो, वडील म्हणायचे."
आणि टॅव्हिशच्या तोंडातलं आगगाडीचं चाक
तिनं बोटानं अलगद काढून घेतलं.

शुक्रवारी तिच्या नव्या पोहण्याच्या पोशाखावर
किमतीची चिठ्ठी तशीच लोंबत होती.
पायऱ्या चार. तिसरीवर ती उभी राहिली,
उभीच राहिली.
पोरगेलासा शिक्षक ओरडला, बाळाला घट्ट धरा!
बाळ घट्ट होतंच.
टॅव्हिशनं पाण्यावर एक फटका मारला,
जन्मभर दुरून पाहिलेलं ते पाणी
तिच्या चष्म्यावर, कपाळावर, उघड्या तोंडात.
पलीकडे आयोनाला धरून मॉरवेन
पहिल्यांदाच एका बाळाकडे बघत होती,
दोन्ही डोळ्यांनी.
मग दुसऱ्याची आठवण झाली, मान वळली.
दुसरं ठीक होतं.
इझोबेल चौथी पायरी उतरली होती.

वाचनालयाचा दरवाजा अजून सत्तरच आहे.
यादीत मात्र एक ओळ वाढली, चौथ्या रंगात:
गुरुवार, मोठ्यांचा वर्ग, इझोबेल.
तिघांनी काठावर बसायला जायचं.
तलावाचा दरवाजा रुंद आहे,
व्हीलचेअरसाठी केलेला, गाडी सरळ आत जाते.
लाल फळी छातीशी धरून
इझोबेल पाय मारते, पुढे फारशी जात नाही.
आयोना टाळ्या वाजवते.
टॅव्हिशला टाळी अजून येत नाही,
तो आयोनाच्या हातावर मारतो.