मतलई

मी उद्यमबागचा. लेथवर बत्तीस वर्षं
क्रँकशाफ्ट घासले. पाण्याशी संबंध एवढाच
की कूलंटचं दुधट पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळायचं.
सातू तांडेल म्हणाला, वेंगुर्ल्यात होडी घेतलीय केसरसाठी,
काळी नदीत नेऊन द्यायचीय, हळग्याला.
इंजिन तिचं तुझ्याच वयाचं आहे, चल.

(आमच्याकडेही एक हलगा आहे, बेळगावच्या वेशीवर.
तिथे होडी नेली तर लोक नारळ फोडतील,
नाहीतर डोकं.)

इंजिन तेरेखोलच्या तोंडाशी खोकलं,
हरमलसमोर गप्प झालं.
पाना घेऊन मी त्याच्या पोटात उतरलो
आणि वर आलो, ते नुसते हात पुसत.
सातू काही बोलला नाही. गाठोडं सोडलं:
शीड. वडगावच्या परसू उपरीने शिवलेलं,
ज्याने समुद्र फक्त कॅलेंडरवर पाहिलाय
आणि तरी चारी कडांना दुहेरी टाका घातलाय.
का, विचारलं होतं मी.
म्हणाला, फाटायला निमित्त लागत नाही.

दुसऱ्या रात्री, आगोंदच्या बाहेर,
तीनच्या सुमाराला
मानेवर काहीतरी गार आलं. पूर्वेकडून.
दोरी ताणली, शीड भरलं, होडी जरा कलली
झोपेत कूस बदलावी तशी.
"मतलई," सातू म्हणाला. "तुमच्याकडली. घाट उतरून येते."

मी हुंगला.
हा तर आमच्या मागल्या दाराचा वारा!
माघात दोरीवरचा टॉवेल पाडणारा,
खानापूरच्या कौलभट्ट्यांचा धूर अंगाला लावून हिंडणारा,
ज्याच्या तोंडावर मी वर्षानुवर्षं
शिवी हासडून कडी लावली.
मला वाटायचं, जांबोटीच्या रानात पडून राहत असेल कुठेतरी.
आणि हा रोज रात्रपाळीला येत होता.
इथे.
एवढ्या लांब.

दहाला तो सुट्टी करून गेला.
समुद्र तेलाच्या ट्रेसारखा.
डब्यातला कुंदा उन्हाने पातळ झाला, बोटांनी चाटला.
पोळें दिसत होतं, पुढे माजाळी,
आणि आम्ही जिथल्या तिथे,
सातू विडी ओढत, मी उगाच
बंद इंजिनाचे नट मोजत. सोळा.
मग दुपारी उलटा वारा, खारा, वायव्येचा.

सदाशिवगडाखाली गस्तीच्या बोटीवरून हाक:
हेसरू? मी नाव सांगितलं.
ऊरू? बेळगावी.
शिपायाने माझ्याकडे पाहिलं, मग समुद्राकडे,
मग पुन्हा माझ्याकडे,
आणि वहीत काय लिहिलं देव जाणे,
पण लिहिताना त्याचे खांदे हलत होते.

पुलाखाली डोलकाठी निजवली.
वरून लॉऱ्या. पुन्हा उभी केली.
रेल्वेच्या पुलाखाली पुन्हा निजवली,
दोघांच्याही कमरा बोलल्या.
पुढे मात्र भरती आणि वारा एकाच दिशेचे,
कांदळ मागे, माड मागे,
पाणी हळूहळू मिठातून सुटत गेलेलं.
सातूने ओंजळ चाखली, थुंकली.
"अजून नाही." जरा वेळाने पुन्हा.

हळग्याला केसर कमरेइतक्या पाण्यात उभी होती,
तिसऱ्यांची टोपली दोरीने कमरेला बांधलेली, पाण्यावर डुलत.
आधी तिने होडीच्या बुडाला हात लावला,
गुरं घेताना लावतात तसा.
तीन ठिकाणी वाजवून पाहिलं. चौथ्या ठिकाणी थांबली.
"हांगा कुसलां."
सातू म्हणाला, दिसतंय मला.
मग तिने वर पाहिलं.
"आनी हें लुगडें कित्याक?"

खरंच होतं. नदीत तिला वल्हं पुरणार.
शिडाचं निम्मं तिने खारं वाळवायला ठेवून घेतलं,
निम्मं माझ्या पिशवीत कोंबलं.
अणशी घाट चढताना बसची काच लागत नव्हती
आणि मागून तोच खारा वारा आत येत होता, घरी निघालेला.
कंडक्टर म्हणाला, वास कसला?

ते कापड आता लेथवर झाकलंय.
रात्री कडी लावायला उठतो.
लावतो.
पण आधी जरा थांबतो, त्याला निघू देतो.