अर्धा तास

बास्केटबॉलच्या मैदानात, पत्र्याखाली,
रांग पहाटे चारपासून लागलेली.
चपलांनी जागा धरून ठेवलेल्या,
माणसं पलीकडे समुद्राच्या कट्ट्यावर,
आणि मी, विनिपेगच्या एका वृद्धाश्रमातली परिचारिका,
दोन आठवड्यांची रजा, पदरच्या पैशाचं तिकीट,
औषधांनी भरलेल्या दोन बॅगा,
फ्री थ्रोच्या रेषेवर टेबल मांडून
रक्तदाब मोजत होते.

सामार बेटावर हे असंच चालतं.
परदेशी गेलेली पोरं परततात तेव्हा
सकाळी शिबिर, संध्याकाळी कुटुंबमेळा.
सकाळी गावाचे दात बघायचे,
संध्याकाळी नातेवाइकांचे.
आबेनिस घराण्याचे एकशे चाळीस टी-शर्ट
ताक्लोबानहून छापून आले होते,
शाखेगणिक वेगळा रंग.
आमचा पिवळा.
पिवळ्यांतला एक, मोठ्या मापाचा,
प्लॅस्टिकमधून कुणी काढलाच नव्हता.

नंबर सत्त्याऐंशी.
तेओफिलो आबेनिस, वय एकसष्ट, मासेमारी.
तक्रार: दाढ.
मी मान वर केली नाही.
आधी हात ओळखला.
कोपराजवळ गळ रुतल्याचा वण.
तो गळ मी फेकला होता, नऊ वर्षांची असताना,
आणि मार त्याने खाल्ला होता.

चौदा वर्षं बोलणं नव्हतं.
आई गेली तेव्हा माझे कागद तिकडे अडकलेले,
निघाले असते तर परत जाता आलं नसतं.
शवपेटीचे पैसे पाठवले.
त्याने ते उलट टपाली पाठवले,
कमिशन कापून, पावतीसकट.

मास्क नाकावर ओढून
मी फॉर्म वाचत गेले.
मधुमेह? नाही.
तंबाखू? हो.
अडीअडचणीला कुणाला कळवायचं?
तो टेबलाच्या कडेकडे बघत राहिला.
"एक बहीण आहे. लांब असते.
नंबर नाही माझ्याकडे."
रकाना छोटा होता.
मी तो नंबर लिहिला,
देशाच्या कोडसकट, बारीक अक्षरात,
आणि लिहिताना त्याने पाहिलं.

एकशे ऐंशीवर एकशे दहा.
"एवढ्या दाबात दाढ काढत नाहीत, मानोय.
अर्धा तास शांत बसायचं, मग पुन्हा मोजू.
नियम आहे."
नियम होता, खोटं नाही.
खुर्ची माझ्याच शेजारी ठेवायची,
एवढं मात्र नियमात नव्हतं.

तो बसला. मी पुढचे नंबर घेतले.
अठ्ठ्याऐंशी, सात महिन्यांची गरोदर.
एकोणनव्वद, ठार बहिरे आजोबा,
त्यांच्याशी ओरडताना माझ्या तोंडून
वाराय भाषा सुटली, आईच्याच हेलाची,
आणि शेजारची खुर्ची करकरली.
नव्वदला तो म्हणाला, "होडी विकली."
एक्क्याण्णवला मी म्हटलं, "कळलं होतं."
ब्याण्णवचं पोर फार रडत होतं.
त्र्याण्णवला, गाल तळहातात धरून,
"शेवटी शेवटी आई रोज विचारायची,
तिकडे आज बर्फ पडलाय का.
मी सांगायचो, नाही, ऊन आहे."
चौऱ्याण्णव नंबरच्या बाईच्या दंडाला
मी पट्टा उलटा गुंडाळला.
तिनेच तो सोडून दिला, काही न बोलता.

अर्धा तास झाला.
एकशे शहाऐंशी.
"वाढलाय," मी म्हटलं.
"वाढणारच. शेजारी कोण बसलंय बघ."

दाढ तोंडातच राहिली.
गोळ्या दिल्या, मीठ कमी करायला सांगितलं,
त्याने खारवलेल्या माशांच्या गावात
जसं हसायला हवं तसं हसून घेतलं.

संध्याकाळी फोटोवाला रंगांप्रमाणे माणसं लावत होता.
निळे मागे, हिरवे बाकावर, पिवळे कमी पडत होते.
तो उशिरा आला, जुन्याच बनियनवर,
नवा टी-शर्ट टॉवेलासारखा खांद्यावर टाकून.
भाजलेल्या डुकराचं कुरकुरीत कातडं
एकाच बाजूने चघळत बसला, बराच वेळ.
मग बोटं पुसून हात पुढे केला,
"मोज आता."

यंत्र मैदानात राहिलं होतं, कपाटात, कुलपाआड.
मी मनगट धरलं.
घड्याळही नव्हतं हातात.