चार बोटं खाली

माळ्यावरनं उतरवली तेव्हा हँडल आधी आलं,
मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं, आत कोळ्याचा संसार.
आबांची रेसची सायकल.
घरात असंच म्हणतात,
जसं आबांचा चष्मा, आबांची खोकल्याची बाटली.
मार्चात त्यांना पंचाहत्तर लागणार
म्हणून टेम्पोत पोत्यांवर आडवी टाकून
उद्यमनगरला नेली.

दस्तगीरचाचांनी फ्रेमवर टिचकी मारली, कान लावला.
"नळी खणखणीत हाय. बाकी सगळं देवाघरी."

कॉटर पिन तीन दिवस हलेना.
डिझेल पाजलं, हातोडी घातली, शिव्या घातल्या.
चौथ्या दिवशी मी चहाला गेलो
आणि ती आपणहून पडली म्हणे.
मला नाही पटत. चाचा मिशीत हसत होते.

जुनं ग्रीस काकवीसारखं, बोट ओढलं तर तार धरणारं.
त्यातनं छर्रे वेचले:
एका अंगाला अकरा, दुसऱ्या अंगाला नऊ.
मागच्या चाकाच्या सात तारा गेलेल्या.
शेजारच्या लेथवर बाबासोनं एक बुश करून दिला,
पैसे घेतले नाहीत.
"फौंड्रीत पहिला पाना आबांनी दिलता हातात,"
एवढंच म्हणाला, आणि मशीन चालू केलं
म्हणजे मला पुढं बोलता येऊ नये.

रंग खरवडला.
काळ्याखाली तांबडा, तांबड्याखाली
कच्च्या पेरूचा हिरवा.
तोच द्यायचा ठरलं.

मग सीटचा दांडा.
रॉकेलच्या फडक्यानं पुसताना
बोटाला एक रेघ लागली,
कानशीनं मुद्दाम मारलेली.
रेघेखाली दांडा कोरा, नळीत राहिलेला.
रेघेवर दोनच बोटं गंज.
तेवढाच आत घालून बघितला.
आबा उंच, दारातनं वाकून येणारे.
त्यांच्या पायाला ही सीट
निदान चार बोटं खाली.

रात्री जेवताना विचारलं.
आबांचा भाकरीचा तुकडा झुणक्यात थांबला.
"शालनची हाय ती."
आई म्हणाली, "कुठली शालन?"
जणू आमच्यात दहा शालनी आहेत.

पहाटे चारला, रंकाळ्याच्या कडेनं,
गंगावेशीत दुधाच्या म्हशी यायच्या आधी
आत्ती पुढं सायकलवर,
आबा मागनं बॅटरी घेऊन पळत.
"कुत्री तिच्या मागं, मी कुत्र्यांच्या मागं."
एकदा आजोबांनी धरलं.
सायकल कुणाची?
"माझी म्हटलो."
मार खाल्ला, आणि सायकल जन्मभर आबांची झाली.
आत्ती त्याच वैशाखात
गडहिंग्लजला नांदायला गेली.

"मग तुम्ही कधी चालवली?"
आबांनी ताटाकडं बघितलं.
"मला कुठं येती सायकल?"

चाळीस वर्षं हा माणूस
फौंड्रीत चालत गेला, चालत आला.
तब्येतीसाठी, असं मी लोकांना सांगत होतो.

वाढदिवसाला आत्ती आली,
गुडघ्यांची दोन ऑपरेशनं आणि एक पिशवी भरून काजू घेऊन.
अंगणात सायकल उभी, पेरूच्या रंगाची,
सीट रेघेला रेघ.
सगळे तिच्या डोळ्यांकडं बघत होते.
पाव्हण्यांनी मोबाईलसुद्धा काढले.
तिनं मागचं चाक उचललं,
पेडल उलटं फिरवलं, मान कलती केली.
फ्रीव्हीलची टिकटिक ऐकत राहिली
डॉक्टर छाती ऐकतो तशी.

"चेन एक कडी लांब हाय. कुणी बसवली?"
"मी."
"दिसतंयच."
पदर खोचला. खाली बसता येईना
म्हणून आईनं पाट दिला, त्यावर आणखी एक पाट.
"पाना आण. तू नको, मी बघतो."

दिवस मावळला होता.
अंगणातला बल्ब नेमका गेलेला.
आबा काही न बोलता उठले,
आत गेले,
आणि बॅटरी घेऊन तिच्या मागं येऊन उभे राहिले.
सेल उतरलेले.
पिवळा उजेड थोडा हलत होता,
पण चेनवरनं सरकला नाही.